माग बंद पडला की सांगली लागायची

गेल्या महिन्यात खानापूरहून परत येत होतो. गाडीत मी, नवरा आणि लेक. पाऊस नुकताच थांबलेला, काचा वर, आणि गाणं मी लावलेलं. लेक मागच्या सीटवरून पुढं वाकली, हात लांब करून आवाजाचं बटण फिरवलं आणि म्हणाली, "आई, तुला गाणं ऐकायचं असतं की नुसता आवाज पाहिजे असतो?" भांडायच्या सुरात नाही, खरंच विचारत होती. नवरा हसला, मी पण काहीतरी बोलले आणि विषय तिथंच संपला, पण घरी आल्यावर भाकऱ्या करताना, रात्री वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना ते वाक्य डोक्यात फिरतच राहिलं. कारण आवाज मोठा आहे हे मला जाणवलंच नव्हतं. मला तो बरोबर वाटत होता. गाणं म्हटलं की ते एवढं मोठंच असतं असं माझ्या कानांनी कधीतरी ठरवून टाकलंय, आणि ते कधी ठरवलं, कुणामुळं ठरवलं हे आठवायला लागले तर मी थेट बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या जुन्या घरात जाऊन पोचले.

ते घर म्हणजे पुढं माग आणि मागं आम्ही. रस्त्याकडच्या लांबट खोलीत चार पॉवरलूम, मधे एक लाकडी दार, दाराच्या अलीकडं स्वयंपाकघर आणि आमची झोपायची खोली. साधा पॉवरलूम मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन पळणारा लाकडी तुकडा, फेकतो. इकडनं खाट, तिकडनं खाट. आणि चारही माग कधी एका तालात नसायचे, एक पुढं पळायचा, एक मागं राहायचा, मग मधेच कधीतरी दोन-तीन क्षण चौघेही एकत्र यायचे आणि पुन्हा विस्कटायचे. लहानपणी मी अंथरुणात पडून ते एकत्र यायची वाट बघायची आणि बघता बघता झोप लागायची. शहापूर, वडगाव, खासबाग, सगळीकडं तेच. शेजारच्या घरात माग, समोरच्या घरात माग, गल्लीभर तोच आवाज, त्यामुळं आमच्याकडची सगळी माणसं बोलायची म्हणजे एकमेकांच्या कानाशी जाऊन ओरडायची, आणि बाहेरचा पाहुणा आला की त्याला वाटायचं ह्यांच्यात भांडण लागलंय. कॉलेजला गेल्यावर मैत्रिणी मला विचारायच्या, "ओरडालीस कशाला गं?" तेव्हा वाईट वाटायचं.

अशा घरात गाणं कसं ऐकायचं? पण ऐकायचे सगळे, दिवसभर ऐकायचे. आईचा रेडिओ स्वयंपाकघरातल्या फळीवर, सेलवर चालणारा, चामड्याच्या कव्हरातला, कव्हराला फोडणीचे डाग. सकाळी सहाच्या आधी, माग सुरू व्हायच्या आत, आकाशवाणीची ती सुरुवातीची धून लागायची, शिवरंजनीतली. ती धून वॉल्टर कॉफमन नावाच्या, युरोपातून मुंबईत येऊन राहिलेल्या संगीतकारानं केली हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा ती आमच्यासाठी नुसती उठायची वेळ होती. तेवढी धून स्वच्छ ऐकू यायची. मग बाबा मोटारींची बटणं दाबायचे आणि रेडिओ त्या आवाजाखाली गाडला जायचा.

आमच्या रेडिओवर मुख्य स्टेशनं दोन, धारवाड आणि सांगली. धारवाडचं केंद्र 1950 सालचं, जवळचं, जोरकस. माग चालू असताना सुद्धा त्याचा आवाज भिंतीपलीकडनं यावा तसा पण यायचा. सांगलीचं तसं नव्हतं. ते लांबचं, नाजूक, आणि मिडियम वेव्हवर मोटार चालू असली की खरखर येते, इथं तर गल्लीभर मोटारी, त्यामुळं सांगली लावलं की निम्मं गाणं आणि निम्मी खरखर. आमचं शहापूर एके काळी सांगली संस्थानातलं गाव, पण रेडिओला त्याचं काय. म्हणजे घरात बोलायचो मराठी आणि दिवसभर कानावर पडायचं कन्नड, ते कुणी ठरवून नाही, कुठल्या ठरावानं नाही, त्या मोटारींमुळं.

आणि मग लाईट जायची.

हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. माग एकदम थांबत नाही. मोटारीचा जोर जातो, पट्टा अजून दोन-चार फेरे ओढतो, धोटा अर्ध्यात अडकतो आणि शेवटची एक मरगळलेली खाट होते. आधी आमचा थांबायचा, मग शेजारचा, मग सगळी गल्ली. त्यानंतर जी शांतता यायची ती कानात दाटल्यासारखी वाटायची, आपलाच श्वास मोठा ऐकू यायचा. आणि त्या शांततेत फळीवरचा रेडिओ, जो इतका वेळ चालूच होता, तो एकदम समोर येऊन उभा राहायचा. मोटारी बंद म्हणजे खरखरही बंद. आई काटा हळूच सांगलीकडं सरकवायची. सुधीर फडके, मालती पांडे, अरुण दाते, जे काही लागलं असेल ते. गंमत म्हणजे गल्लीतल्या सगळ्याच बायका त्याच वेळी काटा सरकवायच्या, त्यामुळं एकच गाणं प्रत्येक खिडकीतून यायचं, कुठं जरा मोठं कुठं बारीक. मागावरचे कामगार बाहेर कट्ट्यावर येऊन बसायचे, तंबाखू मळत, घाम पुसत. बाबा चिडलेले असायचे, मजुरीचं नुकसान, साडी अर्धी अडकलेली. आई मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभी. तिच्या तोंडावर त्या वेळी जे असायचं त्याला आनंद म्हणायचं का मला माहीत नाही, कारण नुकसान तर तिचंही होतंच. पण ती गाणं ऐकत असायची, पूर्ण, दुसऱ्या कडव्यासकट. आजही मला जी भावगीतं शेवटपर्यंत पाठ आहेत ती सगळी लाईट गेलेली असतानाची आहेत. बाकीच्यांचं नुसतं धृवपद येतं.

बाबांची आवड वेगळी, असं आम्ही म्हणायचो. त्यांचा टू-इन-वन मागाच्या खोलीतच, कोनाड्यात, धाग्याचं कुसपट आत जाऊ नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी बांधलेली. त्यात भीमसेन जोशींचे अभंग, पोवाडे, आणि लता मंगेशकरांची अशी गाणी ज्यात आवाज वर वर चढत जातो. आईला ते सगळं कर्कश्श वाटायचं, ती म्हणायची ह्यांना नाजूक काही आवडतच नाही. मी पण तेच धरून चालले होते, की बाबांचा पिंडच तसा. मोठी झाल्यावर एकदा लक्षात आलं की ह्या सगळ्या आवाजांत एक गोष्ट सारखी आहे, ते चार मागांच्या वरून ऐकू येतात. बाबांनी गाणी निवडली नव्हती, मागानं निवडून दिली होती. अरुण दात्यांचा हळुवार आवाज त्या खोलीत जिवंतच राहिला नसता. बारा-बारा तास त्या आवाजात उभ्या राहिलेल्या माणसाला जे गाणं पोचलं त्याच्यावर त्यानं जीव लावला, ह्यात पिंडाचा संबंध किती आणि जागेचा किती, कोण सांगणार.

रात्रपाळीला एक मामा यायचे, कन्नड बोलणारे. बाबा त्यांच्याशी कन्नडमध्ये आणि ते बाबांशी मराठीत बोलायचे, का ते कुणालाच कधी पडलं नव्हतं. रात्री कोनाड्यातली कॅसेट मामांची. कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफांची तत्त्वपदं, सी. अश्वथ यांच्या आवाजातली. अश्वथांचा आवाज म्हणजे पोलादी, मागाला दाद न देणारा. त्यातलं ते कोंबडीनं माकडाला गिळलं म्हणणारं प्रसिद्ध पद, त्यात एक कडवं मागाचं आहे, दोर मागाला गिळतो, धोटा मागाला गिळतो, आणि मागावर बसलेल्या माणसाला खड्डाच गिळून टाकतो. हातमाग जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायचे त्यातला तो खड्डा. शरीफसाहेब 1889 साली गेले, म्हणजे पॉवरलूमचं नाव पण नव्हतं तेव्हा आमच्याकडं. ते कडवं आलं की मामा मान मागं टाकून मोठ्यानं सूर लावायचे आणि बाबा हसायचे, आम्ही दाराच्या फटीतून बघायचो. आम्हाला अर्थ निम्मा कळायचा. उरलेला निम्मा मागात जायचा. पण ती चाल अंगात इतकी मुरली की आजही मी जिना चढताना नकळत तेच गुणगुणत असते.

आईचं गाणं तिच्या वडिलांकडनं आलेलं. माझे आजोबा खानापूर तालुक्यातले, घराच्या मागं शेत आणि शेताच्या मागं जंगल, संध्याकाळनंतर किड्यांच्या आवाजाशिवाय काही नाही. तिथं गावातला एक रेडिओ, त्यावर त्यांनी गीतरामायण ऐकलेलं. 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि वर्षभर चाललं, छप्पन्न गाणी. आईचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण आजोबा शेतातून येताना ती गाणी म्हणत यायचे आणि तिनं ती तशी, चालीत थोडीफार चुकलेली, उचलली. लग्न होऊन ती आली ती चार मागांच्या घरात. मला फार वर्षं हे सुचलंच नाही की तिच्यासाठी हा किती मोठा बदल असेल. आम्ही विचार करतो नवीन घर, नवीन माणसं, सासूचा स्वभाव, पण आवाज? शांततेत वाढलेल्या कानांना एका दिवसात त्या खटखटाटात आणून ठेवलं आणि त्याबद्दल तिला कुणी विचारलं पण नाही.

माझ्या दहावीच्या वर्षी तिनं रेडिओ बंदच केला. लाईट गेली तरी लावायची नाही. मी कंदिलाशी पुस्तक घेऊन बसायची आणि ती दारात तशीच उभी, नुसती. नंतर गंगूबाई हनगलांबद्दल वाचताना हे आठवलं. त्यांच्या आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या, उत्तम गाणाऱ्या. मुलीनं हिंदुस्तानी शिकायचं ठरल्यावर आपल्या गाण्याचा परिणाम तिच्या गळ्यावर होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचं गाणंच सोडून दिलं. एका घरात एक आई गायची थांबली आणि त्यातून गंगूबाई झाल्या, असं आपण कौतुकानं सांगतो. मी पण सांगायची. आता सांगताना घास अडकतो. मुलांचा कान घडवायचा म्हणजे त्यांना काय ऐकवलं एवढंच आपण मोजतो, त्यांच्यासाठी घरातलं काय गप्प झालं त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. माझ्या दहावीला मार्क चांगले पडले. पण त्या वर्षीची सांगलीची गाणी मला एकही येत नाहीत आणि आईलाही नाहीत.

माग बंद असायचा आणखी एक दिवस म्हणजे 1 नोव्हेंबर. कर्नाटकाचा राज्योत्सव, आणि सीमाभागातल्या आम्हा मराठी लोकांचा काळा दिवस. त्या दिवसाबद्दल आपल्याकडच्या लोकांना मी काय सांगायचं. दुकानं बंद, माग बंद, बाबा काळ्या दिवसाच्या फेरीला गेलेले, मामांना सुट्टी, ते चन्नम्मा सर्कलकडं मिरवणूक बघायला. लाईट असायची पण मोटारी बंद, त्यामुळं धारवाड आणि सांगली दोन्ही लखलखीत. आई आधी धारवाड ऐकायची कारण त्या दिवशी तिकडं एकाहून एक चांगली गाणी लागायची, मग बाबा यायच्या वेळेला काटा सांगलीवर. बाबांना ते माहीत होतं. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीला मामा आले की कोनाड्यात परत अश्वथ.

नवऱ्याचं घर निपाणीचं. तिथं सगळं उलटं. सासऱ्यांकडं रेकॉर्ड प्लेअर, वखारीत हिशेबाचं काम, संध्याकाळी हातपाय धुऊन बसायचे आणि मऊ फडक्यानं रेकॉर्ड पुसायचे, कडेकडेनं गोल, मग सुई ठेवायची. पोरांनी समोर बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही, खायचं तर अजिबात नाही. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व. कुमारजी बेळगावजवळच्या आपल्या सुळेभावीचे ह्याचा सासऱ्यांना एवढा अभिमान की पाहुण्यांना चहाच्या आधी ते सांगायचे. नवऱ्याला त्या वयात ते सगळं कंटाळवाणं वाटायचं, तो स्वतः सांगतो, आणि आजही तो मन्सूर क्वचितच लावतो. पण गाणं कुठलंही असू दे, सिनेमातलं उडतं का असेना, तो हातातलं काम बाजूला ठेवतो. मोबाईल पालथा घालतो. मंगल कार्यालयात जेवताना स्पीकर लावलेला असला की त्याचं जेवण उतरत नाही. वडिलांची गाणी त्यानं घेतली नाहीत, त्यांची बैठक घेतली. आणि मी, मला गाण्याबरोबर हाताला काम लागतं, कणीक, भाजी, इस्त्री, काहीतरी. नुसतं बसून ऐकायला लागले की पाच मिनिटांत उठावंसं वाटतं, कारण आमच्या घरी बसून गाणं ऐकायचं म्हणजे लाईट गेली, नुकसान झालं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही ह्यावरनं किती धुसफुसलो असू. त्याला वाटायचं मला गाण्याची कदर नाही, मला वाटायचं ह्याला कामाची नाही.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल आणि त्यांच्या बरोबरचे जस्टिन झुपनिक ह्या दोघांनी 2013 साली एक अभ्यास छापला. विशीतल्या मुलांना वेगवेगळ्या काळातली गाजलेली गाणी ऐकवली. स्वतःच्या वयातली गाणी त्यांना जवळची वाटणार हे उघडच आहे, पण त्यांचे आईवडील तरुण होते त्या काळातल्या गाण्यांशीही ह्या मुलांचं नातं निघालं, आणि त्याच्याही मागं, आजी-आजोबांपर्यंत जाणारी एक खूण दिसली. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, माझ्या आजोबांचं गीतरामायण मला दिसलं त्यात. पण मला राहून राहून वाटतं की त्यांनी मुलांना गाणी विचारली तशी ती घरात कशी वाजायची हे पण विचारायला पाहिजे होतं. किती मोठ्यानं? कुणी घरी आलं की बंद व्हायची का? आई ऐकताना उभी असायची की बसलेली? पोरं गाण्याआधी हे सगळं उचलतात. बेलफास्टच्या पीटर हेपरांनी 1988 साली दाखवलं होतं की गरोदरपणात आई रोज जी टीव्ही मालिका बघायची तिची धून ऐकली की जन्मलेलं बाळ शांत होतं. पोटात साधारण सहाव्या महिन्यापासून ऐकू यायला लागतं म्हणतात. माझ्या वेळी आई शेवटच्या आठवड्यापर्यंत मागाशेजारी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसायची. म्हणजे मी पहिल्यांदा काय ऐकलं हे मला पक्कं माहीत आहे.

गाडीतल्या त्या प्रसंगानंतर मी जाऊन कान तपासून आले. बाबांनाही नेलं, ते बरेच दिवस टाळत होते. काचेच्या पेटीत बसवतात, कानावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. माझा तक्ता सरळ निघाला. कान ठणठणीत. बाबांची रेघ सुरुवातीला बरी होती, मग चार हजार हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या सुरांच्या, आकड्याजवळ एकदम खड्ड्यात गेली, दोन्ही कानांची. डॉक्टरनी कागदावरनं मान वर न करताच विचारलं, "मागावर होता काय?" मी काही सांगितलं नव्हतं. रोजचा मोठा आवाज आधी तेवढाच भाग खातो, वरचे बारीक सूर, आणि ते गेलेले परत येत नाहीत. टाळ, घुंगरू, पाखरं, शब्दातला स आणि श. खालचं सगळं राहतं, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला ऐकू येतंय, समोरचाच तोंडातल्या तोंडात बोलतोय. बाबा बाहेर येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "मग लताबाईंचं हल्ली कमी कमी लागतं ते म्हणून व्हय." त्यांना वाटत होतं मोबाईलवर गाणीच बिघडवून घालतात.

त्या बाकावर मला फार राग आला. कुणावर ते सांगता येत नाही. चाळीस वर्षं माणूस दुसऱ्यांच्या लग्नाच्या साड्या विणतो, आणि त्या बदल्यात त्याच्या कानातून नेमका तोच भाग जातो ज्याच्यासाठी त्यानं कोनाड्यात टेप ठेवली होती. कानात घालायला कापसाचे बोळे सुद्धा कुणी दिले नाहीत, आणि दिले असते तर गाणं ऐकू आलं नसतं म्हणून त्यांनी ते घातलेही नसते, हे पण मला माहीत आहे.

लेक आता चौदाची. तिची गाणी कोरियन, इंग्रजी, पंजाबी, मधेच एखादं कन्नड रॅप, सगळं इअरफोनमध्ये. मला त्यातलं काही कळत नाही आणि तिच्या कानांची काळजी वाटते, चार हजारचा तो खड्डा डोळ्यांसमोर येतो, मग मी ओरडते, मग ती दार लावून घेते. पण एकदा सुट्टीत शहापूरला तिनं स्पीकरवर काहीतरी नाचायचं लावलं होतं, नुसता ठोका, शब्द जवळपास नाहीतच. आई भाजी निवडत होती. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "दोन माग चालल्यागत यालंय की गं." खरंच होतं. असल्या गाण्यांचा ठोका मिनिटाला सव्वाशेच्या आसपासच असतो. लेकीनं चालता माग धड बघितलेला नाही, ती लहान असतानाच बाबांनी माग काढले, वजनावर भंगारात गेले. मी ह्याच्यातून काही सिद्ध करत नाही, जगभरची पोरं त्याच ठोक्यावर नाचतात. पण तिला अभ्यास करताना मागं काहीतरी खटखटत लागतं आणि पूर्ण शांततेत झोप येत नाही, हे मात्र माझ्याकडनं गेलंय. तिच्या पाळण्याशेजारी मी पंखा आणि रेडिओ दोन्ही चालू ठेवायची, कारण शांततेत मलाच भीती वाटायची.

आणि शाळेत कन्नड असल्यामुळं शरीफांचं ते पद तिला अख्खं येतं. आम्ही इतकी वर्षं जे निम्मं ऐकलं ते तिनं मागच्या दिवाळीत तिच्या आबांना, म्हणजे माझ्या बाबांना, सगळं नीट अर्थ सांगत म्हणून दाखवलं. शेवटी गुरूच्या चरणांशी जाऊन ते पद पोचतं, हे बाबांना पहिल्यांदाच कळलं. ते गप्प झाले आणि मग म्हणाले की मामांना हे माहीत असणार, त्यांनी कधी सांगितलं नाही. मामा आता नाहीत.

आता शहापूरच्या घरात पुढची खोली भाड्यानं दिलीय, तिथं कुणीतरी झेरॉक्सचं दुकान काढलंय. दिवसभर शांत. आईला जे आयुष्यभर पाहिजे होतं ते मिळालं म्हणावं, तर बाबांना ऐकू यावं म्हणून ती तिची भावगीतं टीपेच्या आवाजात लावते. अरुण दाते इतक्या मोठ्यानं लागलेले मी कधी ऐकले नव्हते. तिला त्रास होतो, डोकं दुखतं, पण एकटीनं ऐकण्यापेक्षा हे बरं असं तिचं म्हणणं. चार माग होते तेव्हा ती दारात एकटीच ऐकायची ना.

परवा लेक तिथं गेली ती मोबाईल आणि छोटा स्पीकर घेऊनच. बाबांचा तो तक्ता तिनं माझ्याकडनं मागून घेतला होता, मी विचारलं नाही कशाला. मोबाईलमध्ये इक्वलायझर असतो, उभ्या पट्ट्या, एकेक वरखाली होते. तिनं भीमसेनांचा अभंग लावला, आवाज मधलाच ठेवला, आणि चार हजारजवळच्या पट्ट्या हळूहळू वर चढवत गेली, प्रत्येक वेळी विचारत, "आता?" बाबा मान हलवायचे, नाही. पुन्हा, नाही. मग एकदम त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. "ह्यात टाळ आहेत काय?" आई म्हणाली पहिल्यापासून आहेत. "नव्हते," बाबा म्हणाले, "मागल्या वेळेला नव्हते." आणि ते अभंग संपेपर्यंत बोटानं खुर्चीच्या दांडीवर टाळ धरत बसले. आईला मात्र ते कानाला टोचायला लागलं, ती म्हणाली माझं गाणं असलं लावू नको हं, मला नीट मऊ पाहिजे. मग लेकीनं दोन वेगवेगळ्या सेटिंग करून ठेवल्या, एकीला नाव दिलं आबा, दुसरीला आज्जी. त्यावरून लगेच दोघांची जुंपली, आधी कुणाचं लावायचं. मी विचारलं, मला पण एक करून देतेस काय गं. तर म्हणाली, "तुझं जरा अवघड आहे, तुझे कान चांगले आहेत. तू बस इथं आणि तुला काय काय ऐकायला आवडतं ते सांग आधी, काम न करता."